३५० बॉबर : रेस दिली तरी बॅटरीवर १३.१ व्होल्टच, कॉइल प्लेट बदलावी का? (इंदूर)

महूनाका_बॉबर

गाडी ३५० सीसी सिंगल सिलिंडर, बॉबर केलेली (जादा भाग काढून सुटसुटीत केलेली). मूळचा बॅटरीचा डबा काढून टाकलाय, बॅटरी आता स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) वरच्या नव्या डब्यात आहे. आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, कॉइलच्या एसीचं डीसी करून व्होल्टेज सांभाळणारा डबा) सीटखाली फ्रेमला बोल्ट केलंय. फ्रेमला पूर्ण पावडर कोटिंग. कॉइल प्लेटमधून (इंजिनमध्ये वीज तयार करणारी कॉइल) सारख्या रंगाच्या तीन तारा येतात, म्हणजे थ्री-फेज. बॅटरी १२ व्होल्ट ९ एएच, सीलबंद एजीएम. हेडलाइट एलईडी ३० वॅट, शिवाय २० वॅटचे दोन जादा दिवे.

बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून घेतलेली रीडिंग (व्होल्टमध्ये) अशी :

रात्रभर उभी, किल्ली बंद : १२.५
सेल्फ मारताना : १०.२
आयडल, दिवे चालू : १२.४
चांगली रेस, दिवे बंद : १३.७
चांगली रेस, दिवे चालू : १३.१, याच्या वर जात नाही

गॅरेजमध्ये कॉइल प्लेट आणि रेक्टिफायर दोन्ही बदला म्हणतायत. पार्ट घेण्याआधी अजून काय काय मोजू?

कॉइलप्लेट

अजून काहीही विकत घेऊ नका. तुमच्याच आकड्यांत अर्धं उत्तर आहे. दिवे बंद असताना १३.७ मिळतात, चालू केले की १३.१. सेल्फ मारताना १०.२ राहतात म्हणजे बॅटरी मेलेली नाही (साडेनऊच्या खाली गेली असती तर आधी बॅटरीकडे बघितलं असतं). आता प्रश्न एवढाच : कॉइल कमी पडतेय, की आरआर पुरेसं देतंय पण बॅटरीपर्यंत पोचत नाही? बॅटरीवरच्या एकाच रीडिंगवरून हे कधीच कळत नाही. दोन्ही टोकांना मोजावं लागतं.

आरआर युनिट व्होल्टेज सांभाळतं ते ते स्वतः जिथे मोजतं तिथलं. बॅटरीचं नाही. त्याच्या प्लस आणि बॅटरीच्या प्लसमध्ये तार, कनेक्टर, फ्यूज होल्डर आहे. मायनसकडे फ्रेम आणि बोल्ट आहेत. या वाटेत जे पडतं ते आरआरला दिसतच नाही. ते आपल्या जागी १४ धरून बसतं आणि जास्तीची वीज अर्थला शॉर्ट करून टाकतं.

तर असं करा. गाडी पाचेक मिनिटं चालवून गरम, सगळे दिवे चालू. टॅकोमीटर नसेल तर व्होल्टेज वाढायचं थांबेपर्यंत रेस द्या आणि तिथेच धरून ठेवा. दुसरा माणूस सोबत असलेला बरा. मीटर डीसी २० व्होल्टवर.

एक : लाल प्रोब आरआरच्या प्लस तारेवर (कनेक्टरच्या मागून पिन घालून), काळा आरआरच्या मायनसवर, युनिटला मायनसची वेगळी तार नसेल तर त्याच्या ॲल्युमिनियमच्या अंगावर, जिथे रंग नाही तिथे. हा आकडा लिहून ठेवा.

दोन : लाल आरआरच्या प्लसवर, काळा बॅटरीच्या प्लसवर. हो, दोन्ही प्लसवरच. इथे ०.२ च्या खाली यायला हवं.

तीन : लाल आरआरच्या मायनसवर किंवा अंगावर, काळा बॅटरीच्या मायनसवर. इथे ०.१ च्या खाली. चिन्ह उलटसुलट आलं तरी फरक पडत नाही, आकडा बघा.

बॅटरीच्या टर्मिनलवर मोजताना प्रोब शिशाच्या टर्मिनलवर टेका, वरच्या थिंबलवर (तारेच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीवर) किंवा बोल्टवर नाही. थिंबल आणि टर्मिनल यांच्यातच कधी कधी पाव व्होल्ट जातो.

आणि एक कृपा करा : चालू गाडीत बॅटरीची तार काढून ‘चार्जिंग आहे का बघू’ हा प्रयोग कुणालाही करू देऊ नका. बॅटरी निघाली की त्या क्षणी व्होल्टेज उसळी मारतं आणि एलईडीचे ड्रायव्हर, सीडीआय (ठिणगीचं युनिट) किंवा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), जे समोर असेल ते जातं.

छावणी_वाइंडर

वरच्या पोस्टशी सहमत. तरी कॉइलही एकदा तपासून घ्या, मग तो विषय कायमचा मिटेल.

कॉइलचा तीन तारांचा कनेक्टर आरआरपासून सोडवा. इंजिन बंद असताना मीटर ओहमवर : कुठल्याही दोन तारांमध्ये साधारण ०.२ ते १ ओहम, तिन्ही जोड्यांत जवळपास सारखं. आधी प्रोब एकमेकांना टेकवून मीटरच्या स्वतःच्या तारांचं रीडिंग घ्या आणि ते वजा करा, नाहीतर एवढ्या छोट्या आकड्याला अर्थ राहत नाही. मग एकेक तार आणि इंजिनचं अंग : पूर्ण उघडं दिसलं पाहिजे. काही ओहम दाखवले तर वाइंडिंग बॉडीला टेकलंय, पुढचं काही बघायची गरज नाही.

मग इंजिन चालू, मीटर एसी २०० व्होल्टवर, कनेक्टर सुटलेलाच. आयडलला १५–२५, चांगल्या रेसला ५० ते ७० च्या आसपास. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो. बघायचं ते तिन्ही जोड्या सारख्या आहेत का. ५८, ५७, ३० असं आलं तर एक फेज गेला. तारा उघड्या ठेवून रेस देताना हात लांब ठेवा, ६० व्होल्ट एसीचा झटका चांगलाच बसतो.

हे सगळं थंड गाडीवर करून थांबू नका. वार्निश तडकलेली कॉइल थंडपणी उत्तम दिसते आणि अर्ध्या तासाने तापली की बॉडीला गळायला लागते. खंडवा रोडने भेरूघाटापर्यंत जाऊन या आणि इंजिन गरम असतानाच हीच मापं परत घ्या.

महूनाका_बॉबर

घेतली. रेस आणि दिवे चालू असताना :

आरआरवर स्वतःच्या प्लस-मायनसमध्ये १४.१
प्लस ते प्लस ०.७
आरआरचं अंग ते बॅटरी मायनस ०.३

कॉइल : तिन्ही जोड्या ०.५ ओहम, बॉडीला काही नाही. रेसला एसी ५८, ५८, ५७. गरम झाल्यावर ५५, ५५, ५४, आणि तेव्हाही बॉडीला काही नाही. डीसी क्लॅम्प मीटरने आरआरच्या प्लस तारेत ८ अँपिअर.

कॉइलप्लेट

उत्तम. १४.१ वजा ०.७ वजा ०.३ बरोबर १३.१. हिशेब शेवटच्या दशांशापर्यंत जुळला. तुमची कॉइल चांगली आहे, आरआरही चांगलं आहे. एक व्होल्ट वाटेत जातोय. नवी कॉइल घातली असती तरी बॅटरीवर १३.१ च दिसले असते.

आता ०.७ चे तुकडे करा. काळा प्रोब बॅटरीच्या प्लसवरच ठेवा आणि लाल एकेक जोड पुढे सरकवत आणा : आरआरचा कनेक्टर, तारेचं दुसरं टोक, फ्यूजच्या अलीकडे, फ्यूजच्या पलीकडे. जिथे आकडा एकदम उडी मारतो ती जागा. आरआर ते बॅटरी तार कुठल्या साइजची घातलीय आणि किती लांब?

महूनाका_बॉबर

तार ०.७५ चौरस मिमी, साधारण १.२ मीटर. आरआरच्या कनेक्टरवर ०.१५, तारेत ०.२, फ्यूज होल्डरवर ०.३५. फ्यूज काचेचा, स्प्रिंगच्या होल्डरमधला.

कॉइलप्लेट

तारेचा हिशेब बघा. तांब्याची १ चौरस मिमी तार मीटरला सुमारे ०.०१७ ओहम. तुमची ०.७५ ची, १.२ मीटर : ०.०२८ ओहम. गुणिले ८ अँपिअर, ०.२२ व्होल्ट. मोजलेल्या ०.२ शी जुळतं. हीच तार २.५ चौरस मिमीची केली की ०.०७ वर येईल.

फ्यूज होल्डरमध्ये ०.३५ व्होल्ट गुणिले ८ अँपिअर, म्हणजे जवळजवळ ३ वॅट उष्णता त्या एवढ्याशा स्प्रिंगवर. हात लावाल तर चटका बसेल, आणि प्लास्टिक आतून पिवळं-तपकिरी पडलेलं असणार. गरम झालं की स्प्रिंगचा ताण जातो, ताण गेला की विरोध वाढतो, मग अजून गरम. तो होल्डर ठेवूच नका. पात्याचा फ्यूज असलेला, झाकणाचा होल्डर लावा, फ्यूज २० अँपिअरचा, आणि तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो. आरआरच्या टोकाला लावला तर बॅटरीकडून येणारा शॉर्ट तो अडवत नाही.

मायनसचे ०.३ हे पावडर कोटिंगचे. हा लेप वीज अडवतो आणि उष्णताही. बोल्टच्या आट्यांतून जेवढा संपर्क होतो तेवढ्यावर तुमचं आख्खं चार्जिंग चाललंय. फ्रेम खरवडून अर्थ घेण्याच्या भानगडीत पडू नका, उघडा लोखंडी पत्रा पावसाळ्यात गंजेल. त्याऐवजी आरआरच्या मायनसपासून (किंवा त्याच्या माउंटिंग बोल्टखाली थिंबल घालून) थेट बॅटरीच्या मायनसला २.५ ची वेगळी तार न्या. दुसरी, जाड, किमान १० चौरस मिमीची, बॅटरी मायनसपासून इंजिनच्या क्रँककेसच्या बोल्टला. सेल्फचा करंट त्याच वाटेने परत येतो; ती तार नसेल तर तो क्लचची केबल आणि बारीक वायरिंग यांतून वाट काढतो. केबलचं आतलं आवरण वितळलेलं दिसलं तर कारण हेच असतं.

थिंबल सियागंजमध्ये मिळतात, टिन केलेले तांब्याचे घ्या, ॲल्युमिनियमचे नको. दाबायला हायड्रॉलिक किंवा निदान कटवाला क्रिम्पर हवा. पक्कडीने चेपलेलं थिंबल सहा महिन्यांत ढिलं होतं. दाबून झाल्यावर आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. नुसतं सोल्डर करू नका : सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि सिंगल सिलिंडरच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

राऊ_ट्विन

एक मुद्दा. एलईडी लावल्याने लोड कमी होतो, म्हणजे कॉइल थंड राहते असं सगळीकडे सांगतात. ते इथे लागू आहे का?

छावणी_वाइंडर

शंट प्रकारच्या आरआरवर लागू नाही. शंट युनिट कॉइलची जास्तीची वीज शॉर्ट करून जाळतं, त्यामुळे कॉइलमधून करंट जवळपास तेवढाच वाहत राहतो, दिवे लावा की बंद करा. लोड कमी केला तर उलट आरआरमधून जास्त वाहतो आणि तेच जास्त तापतं. सिरीज प्रकारचं युनिट गरज नसताना वाटच उघडी करतं, त्यात कॉइल खरंच थंड राहते. शिंडेनगेन या जपानी कंपनीच्या युनिटमध्ये एफएच०२० शंट आहे (आत मॉसफेट, म्हणजे एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) आणि एसएच७७५ सिरीज. दिसायला बरीच सारखी, काम उलटं. नक्कल भरपूर विकली जाते, म्हणून घेताना वजन आणि कनेक्टर दोन्ही बघा.

आयडलला १२.४ दिसतात त्याचं काय, असं कुणी विचारलं नाही पण सांगतो. हेडलाइट ३०, जादा दिवे ४०, टेल ५, इग्निशन १५ धरलं तर ९० वॅट, म्हणजे साडेसहा-सात अँपिअर. आयडलला बहुतेक कॉइली एवढं देत नाहीत, उरलेलं बॅटरीतून जातं. पलासियाच्या सिग्नलला किंवा राजवाड्याच्या गर्दीत जादा दिवे बंद ठेवा. त्यांना रिलेने वेगळा स्विच द्या. तो दोष नाही, साधा जमाखर्च आहे.

परदेशीपुरा_१२५

माझी गाडी वेगळी आहे, १२५ सीसी कम्यूटर, कॅफे रेसर केलीय. आरआर चार पिनांचं : हिरवी, पिवळी, पांढरी, लाल. एलईडी हेडलाइट आयडलला थरथरतो आणि रेस दिली की ठीक. याच धाग्यात विचारतो.

कॉइलप्लेट

ही हाफ-वेव्ह व्यवस्था, म्हणजे एसीच्या लहरीचा अर्धाच भाग चार्जिंगला वापरणारी. पांढरीतून बॅटरी चार्ज होते, पिवळीतून हेडलाइटला थेट एसी जाते, हिरवी अर्थ, लाल बॅटरीला. हॅलोजनला एसी-डीसीचा फरक पडत नाही, एलईडीला पडतो. आणि हेडलाइट नुसता बॅटरीवर वळवला तर चार्जिंगला कॉइलचा एकच भाग उरतो, आठवड्यात बॅटरी बसते.

नीट करायचं तर कॉइलचं अर्थ टोक उचलावं लागतं. मॅग्नेटचं कव्हर काढा (नवं गॅस्केट आधीच आणून ठेवा), कॉइल प्लेट बाहेर घ्या. पांढरी-पिवळीच्या वाइंडिंगचं एक टोक प्लेटच्या लोखंडाला सोल्डर केलेलं असतं. ते सोडवून त्याला नवी तार जोडा, टेफ्लॉन किंवा फायबरग्लास स्लीव्हमधली. काही इंजिनांत कॉइल तेलात फिरणाऱ्या मॅग्नेटच्या आत असते, तिथे पीव्हीसी तार फुगून फुटते. आता वाइंडिंगचं सुरुवातीचं टोक आणि हे नवं टोक अशा दोन तारा झाल्या. मधला पिवळीचा टॅप इन्सुलेट करून सोडून द्या. या दोन तारा फुल-वेव्ह (पूर्ण लहर वापरणाऱ्या) आरआरला. जुनं चार पिनांचं इथे चालत नाही.

पल्सर कॉइलच्या (ठिणगीची वेळ सांगणारी) आणि एसी सीडीआय असेल तर त्याच्या एक्सायटर कॉइलच्या (सीडीआयला वीज देणारी) अर्थला हात लावायचा नाही. बऱ्याचदा ती सगळी टोकं एकाच सोल्डरच्या ठिपक्यात असतात. वेगळी करताना प्रत्येक तार मीटरने ओळखून मगच कापा. चुकून इग्निशनचा अर्थ उचलला तर ठिणगीच येणार नाही. शेवटी प्लेटचं लोखंड आणि दोन्ही नव्या तारा यांच्यात मीटर लावा. काहीही दाखवता कामा नये. हेडलाइट रिलेने, ३० नंबरला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला दिवा, ८५-८६ ला स्विच आणि अर्थ.

राऊ_ट्विन

बॉबरवाल्यांना लिथियम बॅटरी घालायची असेल तर? जागा आणि वजन दोन्ही वाचतं.

छावणी_वाइंडर

आधी हे वायरिंग पूर्ण होऊ द्या. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची वरची मर्यादा १४.६ आहे, उभ्या गाडीत भरलेली असताना १३.२ ते १३.४ दाखवते. १२.८ दिसले तर ती जवळजवळ रिकामी. शिशाच्या बॅटरीचे आकडे तिला लावू नका. आरआर १५ कडे झुकत असेल तर आतला बीएमएस (बॅटरीला जपणारं सर्किट) बॅटरी तोडून टाकतो, आणि चालू इंजिनात तुटली की परत तीच व्होल्टेजची उसळी. शिवाय सायलेन्सरजवळचा डबा नको. अशा बऱ्याच बॅटरींना ४५ अंशांच्या वर चार्ज करायला मनाई असते, आणि मेमध्ये इंदूरची हवाच ४० च्या पुढे जाते.

आरआर १५ कडे का झुकतं तेही बघून घ्या. काही युनिटना व्होल्टेज मोजायची वेगळी सेन्सिंग तार असते, ती इग्निशन स्विचनंतर जोडलेली. जुन्या स्विचच्या संपर्कात ०.६ पडले तर युनिटला १४.२ दिसतात आणि बॅटरीवर १४.८. युनिट निर्दोष असतं, स्विच घाण असतो.

महूनाका_बॉबर

काम झालं. प्लस आणि मायनस दोन्ही २.५ च्या, इंजिनला १६ ची, पात्याचा फ्यूज, आरआरला नवा कनेक्टर. रेस आणि दिवे चालू : आरआरवर १४.१, बॅटरीवर १३.९. प्लसकडे ०.१३, मायनसकडे ०.०५. हँडलवरचा छोटा डिजिटल मीटर मात्र अजून १३.५ च दाखवतो. किल्ली बंद असताना ४० मिलिअँपिअर जातायत, जीपीएस ट्रॅकर आहे.

कॉइलप्लेट

आता पूर्ण बरोबर. हँडलच्या मीटरची तार हेडलाइटच्या लाइनीतून घेतली असणार, त्यामुळे तो तिथलं व्होल्टेज दाखवतो. त्याला बॅटरीपासून एक अँपिअरच्या फ्यूजमधून वेगळी बारीक जोडी द्या, किल्लीने चालणाऱ्या रिलेवर.

४० मिलिअँपिअर जास्त आहेत. दिवसाला जवळपास १ एएच. ९ एएचची बॅटरी साडेचार दिवसांत निम्मी. ट्रॅकरचा फ्यूज काढून परत मोजा, एक-दोन मिलिअँपिअरवर आलं तर तोच. आलं नाही तर आरआर सोडवून बघा, डायोड गळत असला की बॅटरी उलटी कॉइलमध्ये रिकामी होते. हे मोजताना मीटर मायनसच्या वाटेत असतो, तेव्हा सेल्फ दाबू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

छावणी_वाइंडर

आरआर सीटखालून बाहेर घ्या, जमलं तर इंजिनच्या पुढच्या डाउनट्यूबवर, त्याच्या अंगावरचे थंडाव्याचे पंख उभे, हवा लागेल असे. मागे ३ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी. कनेक्टरच्या पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा आणि कनेक्टरचं तोंड खाली ठेवा. रंगपंचमीच्या गेरनंतर (इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीनंतर) गाड्या प्रेशरच्या पाण्याने धुतल्या जातात. ते पाणी कनेक्टरमध्ये राहिलं की पावसाळ्यापर्यंत पिना हिरव्या पडतात आणि प्लसकडचे ०.१३ परत वाढायला लागतात. त्या धुण्यानंतर एकदा प्लस ते प्लस मोजून घ्या.